परका माणूस, कायदा आणि शेजार



आजच्या विषयाला मराठीत नेमका शब्द नाही. इंग्रजीत 'झेनोफोबिया' म्हणतात. आपण परकीयद्वेष म्हणू. कोणी परक्याचे भय म्हणेल. ज्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले तो 'झेनोस' हा शब्द मात्र मोठा विचार करायला लावणारा आहे. त्याचा अर्थ परका असाही होतो आणि पाहुणा असाही होतो. आपल्याकडे काय निराळे आहे? गावच्या थांब्यावर एस.टी.तून अनोळखी माणूस उतरला, की पारावर बसलेले म्हातारे विचारतात, "काय पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" ज्याला आपण मुळीच ओळखत नाही, त्यालाच आपण पाहुणा म्हणून हाक मारतो. त्या विचारण्यात चौकशी असते, थोडासा संशयही असतो. पण उत्तर मिळाले की पाण्याचा तांब्या पुढे येतो.

"तू कुठला?" हा प्रश्न जगात सगळीकडेच विचारला जातो. पण काही ठिकाणी, काही दिवशी तो अशा रीतीने विचारला गेला, की उत्तर चुकले तर माणूस जिवानिशी गेला. प्रश्न एकच असताना हा फरक कशाने पडतो, आणि तो पडू नये म्हणून कायद्याने, नागरिकाने आणि वस्तीने काय करावे, एवढाच आजचा विषय आहे. त्यासाठी मी दक्षिण आफ्रिका हा एकच देश घेतो. या देशात गेल्या सव्वाशे वर्षांत हा रोग अनेक रूपांनी उठला: गोऱ्यांनी भारतीयांविरुद्ध, मग आफ्रिकन लोकांनी भारतीयांविरुद्ध, आणि पुढे आफ्रिकन लोकांनीच शेजारच्या देशांतल्या आफ्रिकन लोकांविरुद्ध हात उगारला. त्यावर उपायही त्याच भूमीत झाले. तेव्हा रोग आणि औषध दोन्ही एकाच ठिकाणी पाहायला मिळतात.

डरबनची छत्री

ही हकीकत पुण्यापासूनच सुरू करता येते. १८९६ च्या ऑक्टोबरात सत्तावीस वर्षांचा एक बॅरिस्टर पुण्यास आला. नाताळ वसाहतीतील भारतीयांची स्थिती लोकांपुढे मांडायला त्याला सभा हवी होती. तो लोकमान्यांना भेटला, गोखल्यांना भेटला, डॉ. भांडारकरांना भेटला. हे बॅरिस्टर म्हणजे मोहनदास गांधी. त्याआधी राजकोटला त्यांनी याच विषयावर एक पुस्तिका छापली होती. तिचा तारेने गेलेला त्रोटक आणि भडक सारांश नाताळच्या वृत्तपत्रांत आला आणि तिथले गोरे लोक खवळले. त्यातच वार्ता उठली, की हा गांधी दोन जहाजे भरून भारतीय आणीत आहे आणि त्यांनी तो नाताळ बुडवून टाकणार आहे.

'कूरलँड' आणि 'नादेरी' ही ती जहाजे १८ डिसेंबर १८९६ ला डरबनच्या बंदराबाहेर उभी राहिली. मुंबईत प्लेग होता, हे निमित्त सांगून उतारूंना जवळजवळ साडेतीन आठवडे पाण्यावरच अडकवून ठेवले. अखेर १३ जानेवारी १८९७ ला उतरण्याची परवानगी मिळाली. धक्क्यावर जमलेल्या जमावाला सरकारचे मंत्री हॅरी एस्कंब यांनी घरी जाण्यास सांगितले. पण सांगताना असे आश्वासन दिले, की तुम्हांला हवा तो कायदा आम्ही करू. संध्याकाळच्या सुमारास गांधी एका गोऱ्या वकील मित्राबरोबर पायी निघाले. पोरांनी ओळखले, गर्दी जमली, मित्राला बाजूला ओढले गेले. दगड, विटांचे तुकडे, नासकी अंडी यांचा मारा झाला. लाथाबुक्क्यांनी घेरी येऊन गांधी एका घराच्या कठड्याला धरून उभे राहिले.

त्याच वेळी डरबनच्या पोलीस सुपरिंटेंडेंटच्या पत्नी, मिसेस अलेक्झांडर, समोरून येत होत्या. ऊन नव्हते, तरी या बाईंनी आपली छत्री उघडली आणि त्या गांधी व जमाव यांच्या मध्ये चालू लागल्या. बाईंना इजा न करता गांधींना मारणे जमावाला कठीण झाले. पुढे पोलीस आले, गांधी पारशी रुस्तमजींच्या घरी पोहोचले. रात्री जमावाने त्या घराला वेढा घातला. तेव्हा सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर दारात उभे राहून जमावाबरोबर गांधींना फाशी देण्याचे गाणे म्हणत राहिले, आणि मागल्या दाराने गांधींना भारतीय शिपायाच्या वेषात बाहेर काढले. गांधींनी हल्लेखोरांवर फिर्याद करण्याचे नाकारले.

या एका प्रसंगात आपल्या विषयातली सगळी पात्रे हजर आहेत. भडकलेला जमाव आहे, जमावातल्याच समाजातली पण त्याच्या आड येणारी नागरिक आहे, कर्तव्य ओळखणारा अधिकारी आहे, ज्याच्यावर घाला आला तो माणूस आहे, आणि जमावाला वचन देणारे सरकार आहे. यांतले कोण जिंकले, हे पाहू.

कायदा जमावाच्या बाजूने

त्या दिवशी छत्री जिंकली. पण पुढच्या काही महिन्यांत एस्कंब साहेबांनी वचन पाळले. १८९७ मध्येच नाताळच्या विधिमंडळाने दोन कायदे केले. पहिल्याप्रमाणे वसाहतीत येऊ इच्छिणाऱ्या माणसाला युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवावा लागे. कायद्यात 'भारतीय' हा शब्द कोठेही नव्हता. पण गुजरातीत किंवा तमिळमध्ये उत्तम लिहिणारा माणूस त्यापुढे निरक्षर ठरे, आणि तेवढ्याचसाठी तो कायदा होता. ही युक्ती इतकी सोयीची वाटली, की १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाने तिचीच सुधारून काढलेली आवृत्ती स्वीकारली. दुसरा कायदा दुकानांच्या परवान्यांचा. परवाना देणे न देणे हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवले आणि त्याविरुद्ध न्यायालयाचे दार बंद केले. त्याचा रोख भारतीय दुकानदारांवर होता, हे सांगायला नकोच.

म्हणजे रस्त्यावरच्या जमावाला दगडांनी जे साधले नाही, ते सरकारने कागदाने साधून दिले. कायदा असला की परकीयद्वेष आटोक्यात येतो, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः कायदा जमावाचा कारकूनही होऊ शकतो. म्हणून कायद्याकडे पाहताना तो आहे की नाही एवढेच विचारून भागत नाही. तो कोणाच्या सांगण्यावरून झाला आणि कोणावर पडतो, हेही विचारावे लागते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या काळी भारतीय पुढारी आपल्यासाठी न्याय मागत होते, पण आफ्रिकन माणसाला ते आपल्या पंक्तीला घेत नव्हते. डरबनच्या पोस्टात त्यांच्याबरोबर एका दाराने जावे लागू नये, म्हणून भारतीयांनी निराळे दार मागून घेतले होते. सोसणारा माणूस सोसतो म्हणून निर्दोष असतो असे नाही. त्या निराळ्या दाराची आठवण पुढच्या हकीकतीसाठी ठेवावी.

पुन्हा तेरा जानेवारी

कारण पुढची हकीकतही डरबनचीच आहे, आणि तारीखही तीच, १३ जानेवारी, साल १९४९. एका भारतीय दुकानदाराच्या हातून एका आफ्रिकन पोराला मार बसला, पोर रक्तबंबाळ झाले, आणि दोन-तीन दिवसांत शहराच्या भारतीय वस्त्यांची राखरांगोळी झाली. १४२ माणसे मेली, हजारांवर जखमी झाली. मेलेल्यांत आफ्रिकन ८७ होते, त्यांतले पुष्कळ गोळीबारात पडलेले. भारतीय ५० होते.

हे एका थोबाडीतून झाले काय? आफ्रिकन माणसाला शहरात दुकान काढणे, बस चालवण्याचा परवाना मिळवणे जवळजवळ अशक्य करून ठेवले होते. त्याच्या वस्तीत दुकान भारतीयाचे, बस भारतीयाची, खोलीचा मालकही कित्येकदा भारतीय. सगळी व्यवस्था गोऱ्या सरकारची होती, पण ते सरकार त्याच्या हाताच्या टप्प्यात नव्हते. शेजारी टप्प्यात होता. परकीयद्वेषाच्या बहुतेक सगळ्या दंगलींत हे आढळते, की गाऱ्हाणे खरे असते आणि पत्ता चुकीचा असतो.

या वेळी उत्तर कोणी दिले? १९४७ च्या मार्चमध्ये आफ्रिकन काँग्रेसचे डॉ. झुमा आणि भारतीय काँग्रेसचे डॉ. नायकर व डॉ. दादू यांनी एकत्र काम करण्याचा करार केला होता. तिघेही वैद्यकीचे डॉक्टर, म्हणून त्याला 'डॉक्टरांचा करार' म्हणतात. दंगलीने तो मोडला असता तर नवल नव्हते. पण दोन्ही संघटनांचे पुढारी दंगलीनंतर एकत्र बसले, संयुक्त पत्रक काढले, आणि १९५२ मध्ये अन्यायी कायद्यांविरुद्ध दोन्ही समाजांचे लोक खांद्याला खांदा लावून तुरुंगात गेले. १९५५ मध्ये क्लिपटाउनच्या लोकसभेत जी सनद मान्य झाली, तीत हा देश इथे राहणाऱ्या सर्वांचा आहे हा विचार आला. १९९६ च्या राज्यघटनेने तो आपल्या प्रास्ताविकात घेतला. दंगलीनंतर तीन वर्षांत उभे राहिलेले काम अर्ध्या शतकाने घटनेत उतरले.

कोपराला काय म्हणतोस?

इतकी उदार घटना मिळालेल्या देशात मग हा रोग संपला असेल? नाही. ११ मे २००८ च्या रात्री जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत परकीयांवर हल्ले सुरू झाले आणि दोन आठवड्यांत ते अनेक शहरांत पसरले. मोझांबिक, झिंबाब्वे, सोमालिया येथून आलेले लोक पळाले. ६२ माणसे मेली.

या दंगलीत जमाव माणसाला अडवून झुलू भाषेत कोपराला काय म्हणतात ते विचारीत असे. रोजच्या बोलण्यात क्वचित येणारा हा शब्द, 'इंदोलोलवाने', ज्याला सांगता आला नाही तो परका. १८९७ च्या कायद्याने भाषेची परीक्षा घेतली होती. १११ वर्षांनी तीच परीक्षा रस्त्यावर आली. परीक्षक तेवढे बदलले. आणि त्या ६२ मृतांत २१ जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते! कोणाची मातृभाषा त्सोंगा, कोणाची वेंडा. उच्चार निराळा पडला, वर्ण अधिक काळा दिसला, एवढ्यावर ते परके ठरले. २०१९ च्या सप्टेंबरात पुन्हा दंगली झाल्या, तेव्हा मेलेल्या बारा जणांत दहा स्वदेशीच होते. परक्यांना हाकलण्यासाठी उठलेला जमाव आपल्याच माणसांना मारतो, कारण परका कोण हे ठरवण्याचे साधन जमावाजवळ कधीच नसते.

कायद्याने काय करावे

येथे श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, "देशाला आपल्या सीमा राखण्याचा हक्क नाही काय? नोकऱ्या नसताना बाहेरच्यांना किती घ्यायचे?" हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. दक्षिण आफ्रिकेत काम मागणाऱ्या तिघांतील एकाला काम नाही. पण २०२२ च्या जनगणनेप्रमाणे सहा कोटी वीस लाख लोकांत बाहेरून आलेले सुमारे चोवीस लाख, म्हणजे शंभरात चारही भरत नाहीत. त्या चौघांना हाकलून तीस-पस्तिसांना काम मिळेल, हे गणित जुळत नाही. तरीसुद्धा सीमेवर कोणाला घ्यावे हे ठरवण्याचा हक्क राज्याला आहेच. तो गल्लीतल्या टोळीला नाही, एवढाच मुद्दा आहे.

हा मुद्दा तिथल्या न्यायालयाने नुकताच स्पष्ट केला. २०२१ पासून 'ऑपरेशन दुदुला' नावाची एक चळवळ निघाली. दुदुला म्हणजे झुलूत रेटून बाहेर काढणे. तिचे लोक सरकारी दवाखान्यांच्या दारात उभे राहून येणाऱ्या आजाऱ्याकडे ओळखपत्र मागत आणि ज्यांच्याजवळ ते नसे त्यांना परत पाठवीत. त्यांत गरोदर बायाही असत. नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने त्यांना हे करण्यास मनाई केली. कायद्याने कागद तपासण्याचा अधिकार नेमलेल्या अधिकाऱ्याचा आणि पोलिसाचा आहे, खाजगी माणसाचा नाही, असा निर्णय दिला. या दाव्यात फिर्यादी कोण होते ते पाहण्यासारखे आहे. परकीयद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेच्या जोडीला फेरीवाल्यांची संघटना होती, शहरातल्या भाडेकरूंची होती, झोपडपट्टीवासीयांची होती. ज्यांच्या नावाने ही चळवळ चालली होती, त्या गरिबांतलेच लोक तिच्याविरुद्ध न्यायालयात उभे राहिले.

कायद्याचे दुसरे काम पोटाचे. २०१२ मध्ये लिंपोपो प्रांतात पोलिसांनी 'ऑपरेशन हार्डस्टिक' नावाची मोहीम काढून सहाशेंवर लहान दुकाने बंद केली. दुकानदार बहुतेक सोमाली व इथिओपियन निर्वासित. २०१४ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने निर्वासितांना परवाना मागता येतो, असा निकाल दिला. ज्याला देशात आसरा दिला त्याला पोट भरण्याची वाट बंद करणे म्हणजे त्याला भीक मागायला लावणे होय, हा त्यामागचा विचार. नाताळच्या परवाना-कायद्याला हे ११७ वर्षांनी मिळालेले उत्तर म्हणता येईल.

याचा अर्थ दुकानांना नियम नको असा नाही. २०२४ मध्ये विषबाधेने तिथे बावीस-तेवीस लहान मुले दगावली आणि लोकांनी परदेशी दुकानदारांवर ठपका ठेवला. चौकशीत शेतीचे एक जहाल कीटकनाशक निघाले. वस्त्यांत कचरा उचलला जात नाही, उंदीर माजतात, म्हणून लोक ते रस्त्यावर विकत घेऊन वापरीत. सरकारने मालक कोणत्या देशाचा हे न पाहता, अशा सर्वच दुकानांना एकवीस दिवसांत नोंदणी करण्याचा हुकूम काढला. लोकांची भीती खरी असेल तर नियम जरूर करावा. तो सर्वांवर सारखा पडला पाहिजे.

तिसरे काम शिक्षेचे, आणि इथे तिथला कायदा उणा पडला. २००८ च्या मे महिन्यात मोझांबिकच्या एका मजुराला भर वस्तीत जिवंत जाळण्यात आले. त्याचे छायाचित्र जगभर गेले. २०१० मध्ये पोलिसांनी साक्षीदार नाहीत म्हणून तपास मिटवला. २०१५ मध्ये एका वृत्तपत्राचे बातमीदार त्या वस्तीत गेले, तेव्हा त्यांना जवळपासच राहणारे साक्षीदार भेटले. गांधींनी फिर्याद केली नाही हा त्यांचा मोठेपणा होता. पण सोसणाऱ्याने क्षमा करणे निराळे आणि सरकारने तपास सोडून देणे निराळे. पहिल्याने माणसे जोडली जातात. दुसऱ्याने पुढच्या जमावाला धीर येतो.

नागरिक आणि वस्ती

आता आपल्यासारख्या सामान्य माणसाने काय करावे? मिसेस अलेक्झांडरबाईंनी भाषण केले नाही. त्या जमावाच्याच वर्णाच्या होत्या, गावात ओळखीच्या होत्या, आणि म्हणूनच त्यांची छत्री चालली. हीच छत्री एखाद्या भारतीयाने उघडली असती तर तिच्या चिंध्या झाल्या असत्या. जो बहुसंख्यांपैकी आहे, ज्याचे गावात ऐकले जाते, त्याच्यावर ही जबाबदारी अधिक पडते, ती यामुळे. २००८ मध्येही जोहान्सबर्गच्या मेथडिस्ट चर्चने शेकडो झिंबाब्वेवासीयांना जिन्यांवर, बाकांवर झोपायला जागा दिली. पोलीस ठाण्यांच्या आवारात दाटलेल्या लोकांना गावकऱ्यांनी अन्न पोहोचवले. २४ मे रोजी हजारो लोक निषेधाला रस्त्यावर उतरले. याखेरीज दोन कामे कोणालाही करता येतात. ऐकलेली वार्ता पारखल्यावाचून पुढे सांगू नये. १८९७ ची दंगल एका भडक तारेने पेटली होती. आणि जे डोळ्यांनी पाहिले त्याची साक्ष द्यावी.

परंतु एकट्या छत्रीवर भरवसा ठेवता येत नाही. दर वेळी ती बाई त्या रस्त्याने येईलच असे नाही. म्हणून वस्तीची तयारी हवी. २००८ नंतर झालेल्या पाहणीत असे आढळले, की पुष्कळ ठिकाणी हल्ले आपोआप उसळले नव्हते. वस्तीतल्या काही पुढाऱ्यांनी आणि टोळ्यांनी आपले वजन वाढवण्यासाठी, दुकाने व घरे बळकावण्यासाठी ते घडवले होते. पुढारी पेटवू शकतात, तर पुढारी विझवूही शकतात. खुत्सोंग हे जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येचे खाणकामगारांचे गाव. २००५ पासून तिथे प्रांत बदलण्याच्या प्रश्नावर मोठे हिंसक आंदोलन चालू होते. जाळपोळ नवी नव्हती. दंगल पेटलीच तर इथे आधी पेटेल असे कोणालाही वाटले असते. पण २००८ च्या मे महिन्यात खुत्सोंगमध्ये परकीयांवर हल्ला झाला नाही. आंदोलनाच्या पुढाऱ्यांनी तरुणांना बजावले, की आपले भांडण सरकारशी आहे, शेजारच्या मोझांबिकवाल्याशी नाही. खाणीत पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळ्या देशांचे लोक बरोबर राबले होते, त्यामुळे ते सांगणे पटले. त्यांनी गाऱ्हाण्याला योग्य पत्ता दिला.

शेवटी आपल्याविषयी दोन शब्द. आपल्या घटनेचे एकविसावे कलम जीविताचे रक्षण देते ते नागरिकापुरते नाही, कोणत्याही व्यक्तीला देते. अरुणाचलात १९६४ पासून राहणाऱ्या चकमा निर्वासितांना निघून जाण्याची धमकी देण्यात आली, तेव्हा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये याच आधारावर सांगितले, की त्यांचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. कायदा आपल्याजवळ आहे. मात्र तो दिल्लीहून येईपर्यंत गल्लीत अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास आपला असतो.

पारावरच्या म्हाताऱ्याने "कुठलं म्हणायचं?" असे जरूर विचारावे. विचारण्यात गैर काही नाही. उत्तर आपल्या ओळखीच्या गावाचे आले नाही, तरी पाण्याचा तांब्या मागे घेऊ नये. आणि त्याच माणसाला दुसरे कोणी दमात घेऊन तेच विचारू लागले, तर म्हाताऱ्याने पारावरून उठावे आणि म्हणावे, "तो माझा पाव्हणा आहे. काय विचारायचं ते मला विचार."